एका निष्क्रिय खातेदारास

अनिरुद्ध, तू एकदा कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मला विचारलं होतंस, "रेणुका, फुकट म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी का पडते गं?" सगळे हसले. मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. त्याचं उत्तर आता देते. आता तू मध्ये बोलू शकत नाहीस.

आम्ही बेंगळूरच्या चिक्कपेटेतले शिंपी. अप्पांचं स्वतःचं दुकान कधीच नव्हतं. एका कापडदुकानाच्या ओट्यावर त्यांचं मशीन असायचं. आमच्या बाजारात ती रीतच होती. बायका आत कापड घेणार आणि बाहेर येऊन ओट्यावरच्या शिंप्याकडे माप देणार. मालकाचं कापड खपतं, शिंप्याला गिऱ्हाईक मिळतं, म्हणून ओट्याला भाडं नाही. संध्याकाळी मशीन आणि शिवायला आलेलं कापड आत ठेवायचं आणि मालकाने कुलूप लावायचं. अप्पा चारचौघांत कौतुकाने सांगायचे, "आपल्याला भाडं नाही बघा. मालक देवमाणूस."

मग देवमाणसाचं त्याच्या भावाशी वाटणीवरून भांडण झालं आणि एका सकाळी दुकानाला कोर्टाचं सील लागलं. आत अप्पांचं मशीन. आत लोकांचे लग्नाचे ब्लाऊज, कापलेले, न शिवलेले. मालकाने हात वर केले. "अण्णा, नानेनु माडलि?" मी तरी काय करू? खरंच, त्याच्या हातात काही नव्हतं. कुलूप लावणारा तोच होता, पण काढणारा आता दुसराच कुणी होता.

गिऱ्हाइकं आमच्या घरी आली. लग्नघरच्या बायकांनी आईला दारात उभं करून चोर म्हटलं. अप्पा आतल्या खोलीत बसून राहिले, बाहेर आले नाहीत. पुढे ते एका कारखान्यात दुसऱ्याच्या मशीनवर शर्टांना कॉलर लावायला लागले. आई आणि मी घरी काजं करायचो. सकाळी रागीची आंबील, रात्री रागीची आंबील, मध्ये शाळा. मशीन सुटून आलं तेव्हा मी कॉलेजात होते. त्याचं चाक गंजून जाम झालं होतं. अप्पांनी ते एकदा हाताने फिरवायचा प्रयत्न केला आणि वर चादर टाकली.

म्हणून आठी पडते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारता सांगते. तुला ते खटकायचं. "डिग्री काय मिरवायची गोष्ट आहे?" तुझ्या घरी आजोबासुद्धा प्रोफेसर, तुम्हाला ती मिरवावी लागत नाही. आम्ही मिरवणार.

पहिल्या दिवशी तुझी खुर्ची माझ्या वाटेत होती. मी म्हटलं, "स्वल्प सरक रे." स्वल्प म्हणजे कन्नडात थोडं. तू पुण्याहून नुकताच आलेला. असा हसलास की पाणी नाकात गेलं. "स्वल्पविराम ऐकला होता. स्वल्प सरक पहिल्यांदाच!" पुढे महिनाभर ऑफिसातली मराठी माणसं मला बघितली की 'स्वल्प, स्वल्प' करायची. माझी शाळा कन्नड, कॉलेज इंग्रजी, मराठी फक्त घरातली. ती लिहायला मी स्वतःची स्वतः शिकले. तू माझ्या लिहिण्यातल्या चुकांना लाल पेनाने गोल करून द्यायचास. हा लेखही लिहिते आहे. काढ आता चुका.

पण काम करावं तर तुझ्याबरोबर, हेही खरं. त्या वर्षी सगळं बेंगळूर दोन हजार सालाच्या धास्तीने संगणकांतली दोन आकडी वर्षं चार आकडी करण्यात गुंतलं होतं, आपलं ऑफिसही. परदेशातल्या बँकांची ती खर्डेघाशी दिवसभर केल्यावर माणसाला काहीतरी आपलं करावंसं वाटतं. त्यातून 'दोरा' निघाला. पिनांच्या साध्या, करकरणाऱ्या प्रिंटरवर मराठी आणि कन्नड नीट छापणारा प्रोग्रॅम. जोडाक्षरं तुटू न देणारा. मराठी तुझी, कन्नड माझी. नाव मी ठेवलं. "शिंप्याची पोरगी शेवटी," तू म्हणालास. मी म्हटलं, "हो. तुझं काय? प्रोफेसराचा पोरगा, खडू ठेव नाव."

दोरा मुक्त ठेवायचा हे आपलं पहिल्या दिवशीच ठरलं. कुणीही त्याचा कोड उघडून पाहावा, दुरुस्त करावा, नकलून घ्यावा, पुढे द्यावा. यावर आपलं कधीच भांडण झालं नाही. भांडण झालं ते तो ठेवायचा कुठे यावरून.

तू एका सोमवारी येऊन सांगितलंस की जागा मिळाली. अमेरिकेतल्या एका कंपनीची साइट. मुक्त प्रकल्पांना फुकट जागा देते. कोड तिथे, लोकांच्या तक्रारी तिथे, पत्रव्यवहाराचा गट तिथे. कोणी कोणती ओळ कधी बदलली आणि का, याची नोंदही तीच ठेवते. मी विचारलं, ही साइट ज्या प्रोग्रॅमवर चालते तो उघडा आहे का? नव्हता. तो त्या कंपनीचा, बंद.

"जे आपण लोकांना उघडून देतो, ते कुलपातल्या खोलीत ठेवायचं?"

"अगं बाई, कोड आपलाच आहे. ते फक्त कपाट देतायत."

"किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे. पासवर्ड आहे ना."

"तो त्यांच्या कुलपाचा. उद्या कुलूपच बदललं तर?"

"कोण कशाला बदलेल? त्यांना काय मिळणार आपल्या जोडाक्षरांतून? आणि आपण स्वतः ठेवायचं तर सर्वर कोण चालवणार? तुझे अप्पा?"

ही तुझी मजा करायची पद्धत. अप्पांचं तुला काही माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. तरी मी तुला त्याची सूट देत नाही. खातं तू तुझ्या नावाने आणि ऑफिसच्या मेलवर उघडलंस, एकट्याने, मला न विचारता. तेही लिहून ठेवते.

एक मान्य करते. लोक आले ते तिथेच. धारवाडचा छापखानेवाला बसप्पा आला. निपाणीचे शाळामास्तर आले, ते प्रश्नपत्रिका छापायचे. आपल्या दोघांच्या खोलीत ठेवला असता तर दोरा खोलीतच मेला असता. आणि तू प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर द्यायचास. 'आपला प्रिंटर कोणता? काळजी नको, बघतो.' मास्तरांचा 'ळ' अर्धाच उमटायचा, तर तू तीन प्रिंटरवाल्यांच्या दुकानांत जाऊन त्या जातीचा प्रिंटर शोधून काढलास आणि दुकानदाराशी गप्पा मारत मारत त्याच्याच कागदावर 'ळ' छापत बसलास. माझं उत्तर आठवड्याने जायचं, आणि तिरकं. लोकांना दोरा आवडायचा कारण त्यांना तू आवडायचास. यात माझा काही वाटा नव्हता.

आता तुझी खरी करामत. सुरुवातीला आपण प्रत्येक फाइलच्या माथ्यावर नाव लिहायचो. हे कोणी लिहिलं, कोणी दुरुस्त केलं. एका रविवारी तू ती सगळी नावं पुसून टाकलीस. मला सोमवारी सांगितलंस, घराला चुना मारून झाल्यासारखा खूश होऊन.

"फायली हलक्या केल्या. कशाला पाहिजेत नावं? साइट लक्षात ठेवते ना कोणाची कोणती ओळ."

"आणि साइट विसरली तर?"

"साइट विसरत नसते, रेणुका. माणसं विसरतात."

किती शहाणं वाटलं असेल तुला ते बोलताना.

शेवटचं भांडण स्कूटरच्या स्टँडवर. माझ्या कॉलेजातले सर बसवनगुडीत एका संस्थेत होते, ते एक जुनं यंत्र द्यायला तयार होते. मी म्हटलं, या महिन्यात दोरा तिकडे हलवू, नोंदीसकट. तू म्हणालास, "हे दोन हजार साल येऊन जाऊ दे गं. मग बघू." मी म्हटलं, "तू भाडेकरू आहेस आणि घरमालकासारखा वागतोस." तू किक मारलीस, "सरी अक्का, सरी," बरं ताई, बरं, असं कन्नडात म्हणून माझी नक्कल केलीस आणि के. आर. पुरमला तुझ्या खोलीकडे निघालास. रेल्वे पुलाच्या अलीकडे ट्रकने तुला उडवलं.

तर आपलं शेवटचं बोलणं हे. लोक मला समजुतीने सांगतात, मनाला लावून घेऊ नकोस. मी लावून घेतलेलं नाही. वाक्य बरोबर होतं. तू चुकीच्या वेळी मेलास, एवढंच.

ऑफिसात शोकसभा झाली. मॅनेजर म्हणाले, अनिरुद्ध आमच्या कुटुंबातला होता. संध्याकाळच्या आत कुटुंबाने तुझी मेल बंद केली. मी यंत्रं सांभाळणाऱ्या मंजुनाथकडे गेले. "पॉलिसी, अक्का," तो म्हणाला. "ननगू बेजारागिदे." त्यालाही वाईट वाटत होतं, खरंच, डोळे लाल होते त्याचे. पण मेल पुसून झाली होती.

आणि मग साइटचं कुलूप बदललं. कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली. सगळ्या सभासदांना सूचना आली: नव्या अटी आहेत, प्रत्येक प्रकल्पाच्या खातेदाराने नोंदवलेल्या मेलवरून मान्यता कळवावी, नाहीतर प्रकल्प काढून टाकला जाईल. खातेदार तू. मेल मंजुनाथने पुसलेली. पासवर्ड तुझ्या डोक्यात, आणि डोकं... असो.

मी त्यांना लिहिलं की खातेदार वारला आहे, मी त्याची सहकारी. उत्तर आलं: आपल्या प्रश्नाबद्दल आभार, सुरक्षेसाठी आम्ही फक्त खातेदाराशी बोलतो, कृपया त्यांना आमच्याशी थेट संपर्क साधायला सांगा. मी परत लिहिलं, तो मेला आहे, थेट संपर्क तुम्ही साधून बघा. त्यावर उत्तर आलं की माझ्या संयमाची त्यांना कदर आहे. तिसऱ्या खेपेला कुणीतरी खरं माणूस बोललं. मृत्यूचा दाखला पाठवा, इंग्रजीत, शिक्क्यासह, वारसाच्या सहीने.

म्हणून मला तुझ्या घरी पुण्याला फोन करावा लागला. तुझे दिवस होऊन चार दिवस झाले नव्हते. काकांनी, तुझ्या बाबांनी, घेतला.

"हे कंपनीचं काम होतं का?"

"नाही काका. आमचं. फावल्या वेळातलं."

"कशासाठी करत होता तो?"

"लोकांना आपल्या भाषेत छापता यावं म्हणून."

काकांनी 'आपल्या भाषेत' असं एकदा स्वतःशी म्हटलं. मग म्हणाले, "आम्हाला कधी बोलला नाही." प्रोफेसर माणूस, आवाज अजिबात हलला नाही. मागून काकूंनी फोन घेतला असावा. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यात त्याचं नाव आहे का गं कुठे?"

"आहे काकू. प्रत्येक ओळीवर आहे."

त्या घटकेला ते खरं होतं. साइटवर होतं.

दाखला आला तो कन्नडमध्ये. तू ज्या हद्दीत मेलास तिथला. इंग्रजी करून, शिक्का मारून घेईपर्यंत मुदत उलटली. एका सकाळी मी साइट उघडली तर दोऱ्याच्या जागी एक ओळ होती: खातेदार निष्क्रिय असल्यामुळे हा प्रकल्प काढून टाकण्यात आला आहे. शेजारी तुझं पूर्ण नाव, आडनावासकट.

मी हसले, अनिरुद्ध. ऑफिसात, मोठ्याने. मंजुनाथ उठून आला. तू, ज्याने लोकांना एका दिवसाच्या आत उत्तर दिलं नाही असं कधी झालं नाही, तू निष्क्रिय. सगळी नावं तू पुसलीस, आणि साइटने एकच ठेवलं, तुझं, ते या पाटीवर. मग तीही पाटी गेली.

कोड मेला नव्हता. तो माझ्या यंत्रावर होता, बसप्पाकडे होता, मास्तरांकडे होता. मुक्त ठेवल्याचा तेवढा फायदा. पण आपल्याला तिथून कायम आजचा कोड तेवढा खेचता यायचा. कालचा कोड, कोणी काय बदललं ती सगळी मागची हकिगत, ती त्यांच्या बंद प्रोग्रॅमच्या पोटात होती. ती गेली. माझ्याकडे उरल्या हलक्या केलेल्या फायली. एकाही माथ्यावर नाव नाही. आणि पुण्यात एका बाईला मी सांगून बसले होते, प्रत्येक ओळीवर आहे.

सर म्हणाले, "रेणुका, आहे तसा आपल्या यंत्रावर चढव. पहिली नोंद तुझ्या नावाची होईल, होऊ दे. मुक्त कोड आहे. नावाचं काय एवढं?"

"माझ्या नावाने चढवला तर तो सगळा मी लिहिला असं दिसेल, सर."

"कोण बघायला जातंय?"

"मी."

सर चांगले आहेत. पण त्यांचं काम कधी दुसऱ्याच्या नावावर विकलं गेलेलं नाही. अप्पांनी कारखान्यात लावलेल्या कॉलरी कुठल्या देशात कुणाच्या गळ्याला बसल्या, आम्हाला कधी कळलं नाही. माझ्या हातून मी तुझं ते होऊ देणार नव्हते. तू कितीही मूर्ख असलास तरी.

मी गटातल्या ज्यांचे ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते त्यांना लिहिलं: तुमच्याकडे दोऱ्याच्या जुन्या प्रती असतील, अनिरुद्धच्या जुन्या मेल असतील, तर पाठवा. निपाणीत फोनची लाइन धड चालत नाही, म्हणून मास्तर नवी आवृत्ती कायम फ्लॉपीवर मागवायचे. एकही फ्लॉपी त्यांनी पुसली नव्हती. सगळ्या एका बिस्किटाच्या डब्यात घालून, कापडात शिवून, पार्सलने आल्या. त्यातल्या जुन्या तुझ्या रविवारच्या आधीच्या, माथ्यावर नावं असलेल्या. दोन-तीन उघडल्याच नाहीत, बुरशी आली होती. बाकीच्या करकरत उघडल्या.

मग मी फ्लॉपीमागून फ्लॉपी घेऊन, मधल्या काळातल्या मेल शेजारी ठेवून, एकेक तुकडा लावत गेले. हे तुझं, हे माझं, हे बसप्पाने सुचवलेलं. पुष्कळ ठिकाणी पुराव्याची गरज नव्हती. तुझा हात ओळखू यायचा. कंस उघडून लगेच बंद न करणारा, तात्पुरती जागा म्हणून 'चहा' नाव देणारा आणि ती तशीच विसरणारा दुसरा कोण? मी एकटी बसून तुला शिव्या घालत होते. बऱ्याच दिवसांनी तुझ्याशी भांडण झाल्यासारखं वाटलं.

एक तुकडा मात्र मी बिनधास्त माझ्या नावावर टाकला. कन्नडमधला अक्षराखाली अक्षर बसवण्याचा, दोऱ्यातला सगळ्यात अवघड. तो माझा, त्याबद्दल मला शंकाच नव्हती. खात्री म्हणून बसप्पाला फोन केला.

"अक्का, ते तर तुम्हीच लिहिलं," तो म्हणाला. त्याचं मराठी धारवाडी. मग घुटमळला. "खरं... तुमचं चालत नव्हतं. माझ्या एका पूर्ण लग्नपत्रिकेत अक्षरं एकमेकांवर बसली. अनिरुद्ध सरांनी रातोरात बदललं. मला म्हटले, अक्कांना सांगू नका, त्या माझं डोकं खातील."

"किती दिवस झाले याला?"

"वर्ष झालं असंल की."

वर्षभर मी त्या तुकड्यावर ऐट मारली. लोकांना सांगितलं. तुला ऐकवलं, तुझ्या तोंडावर. तू मान डोलावत राहिलास. कन्नड तुला येत नव्हतं, तू दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं शिकला असणार. हे उपकार नाहीत, अनिरुद्ध. तू मला विचारायला हवं होतंस, सांगायला हवं होतंस, मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मग शिकले असते. तू मला सांभाळून घेतलंस. शिंप्याच्या पोरीला सांभाळून घेतलंस. याचा राग मी आता कुणावर काढू? आणि आभार तरी कुठे मानू?

तो तुकडा तुझ्या नावावर केला.

साइटच्या कंपनीकडून मध्यंतरी एक पत्र आलं. त्यांच्या नव्या साइटवर दोऱ्याला फुकट जागा द्यायला त्यांना आनंद होईल. मी नकार कळवला, एका ओळीत, आभार न मानता.

गेल्या आठवड्यात दोरा बसवनगुडीत सरांच्या संस्थेतल्या त्या जुन्या यंत्रावर उभा राहिला. नोंद ठेवणारा प्रोग्रॅमही मुक्त आहे, त्याचा कोड आम्ही उघडून पाहू शकतो आणि सगळी हकिगत कधीही उचलून दुसरीकडे नेऊ शकतो. तुझ्या ज्या ओळी ओळखता आल्या त्या सगळ्यांवर तुझं नाव आहे. ज्या आपल्या दोघांपैकी कोणाच्या हे ठरवता आलं नाही, त्या कोणाच्याच नावावर नाहीत, माझ्याही नाही. काकूंना तसं सांगितलं, प्रत्येक ओळीवर नाही, पण आहे. पासवर्ड आता माझ्याकडे, सरांकडे आणि बसप्पाकडे आहे. आमच्यापैकी कोणीही मेलं तरी दोरा चालू राहील.